गडग्यावरची ओपीडी

“पोट उतरलंय गो तिचं!” बायोआजीनं गडग्यापलीकडून जाहीर केलं आणि नलूवहिनींच्या हातातलं अळूचं पान हातातच राहिलं.

मंजू आगरातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. पहिलटकरीण, ३९वा आठवडा चालू, बाळंतपणाला माहेरी आलेली. आपण नुसते कपडे काढतोय असं तिला बिचारीला वाटत होतं. पण आमच्या गुहागरात घराला घर लागून, घरामागे आगर, आणि दोन आगरांमध्ये जांभ्याचा गडगा. कोपरं टेकून उभं राहायला बरोब्बर बेताचा. बांधणाऱ्यानं गुरं अडवायला म्हणून बांधला असेल, सोय झाली ती बायकांची.

श्रावणी सोमवार असल्यामुळे माझी शाळा लवकर सुटली होती. पाऊसही तासाभरापुरता उघडला होता. सिस्टर अळूची पानं न्यायला आल्या होत्या. त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तालुक्यातल्या उपकेंद्रांवर जन्मभर नर्स म्हणून काढल्यामुळे आजही त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. थोडक्यात, कोरम पुरा होता.

“उतरलंय म्हणजे काय?” मंजूनं दचकून पोटाला हात लावला.

“म्हणजे परवापर्यंत छातीला टेकलं होतं ते खाली आलं. बघ, आता मध्ये हात मावेल. दोन दिवसांत मोकळी होतेस.”

“आजी, दिवस सांगू नका,” सिस्टर म्हणाल्या. “मंजू, जेवण नीट जातंय का आता? छातीतली जळजळ कमी झाली? आणि लघवीला?”

“तासाला एकदा. रात्रीसुद्धा.”

“मग उतरलंय. आजींची नजर बरोबर आहे. बाळाचं डोकं कमरेच्या हाडांत बसलं की वर श्वासाला जागा होते आणि खाली लघवीची पिशवी दबते. पण पहिल्या खेपेला हे दोन-दोन, चार-चार आठवडे आधी होतं. पुढच्या खेपांना पुष्कळदा कळा सुरू होईपर्यंत होतच नाही.”

“माझा धाकटा उतरलाच नव्हता,” आजी म्हणाली. “एकदम बाहेरच उतरला.”

नलूवहिनींचा घोर वेगळाच. डॉक्टरांनी दिलेली तारीख २७ ऑगस्ट, आणि यंदा चतुर्थीही नेमकी २७ ऑगस्टला. तिकडे गणपती मखरात आणि इकडे लेक लेबर रूममध्ये. त्यात सुवेर आलं तर पूजेला कोण बसणार, नैवेद्य कुणी करायचा, हा प्रश्न त्यांनी आठवडाभर सगळ्या वाडीला विचारून झाला होता. भटजींनी उत्तर दिलं होतं. वहिनींना ते पसंत नव्हतं.

“अहो, ती तारीख म्हणजे काय मुहूर्त नव्हे,” सिस्टर म्हणाल्या. “हिची शेवटची पाळी २० नोव्हेंबरची. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, झाली तारीख. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरचा हिशेब आहे तो.”

“आमचे नऊ महिने नऊ दिवस,” आजी म्हणाली. “जर्मनाला दोन दिवसांची घाई.”

“दोन दिवसांनी काय होतंय! हिशेबाचे २८० दिवस, पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. ३७ आठवडे पुरे झाले की पुढे केव्हाही. पहिलटकरणीचे चार दिवस वरही जातात. ४१ आठवडे उलटले तर मात्र डॉक्टर नुसती वाट बघत बसत नाहीत.”

शंभरात चार-पाच! आमच्या शाळेचा एवढा निकाल लागला तर शाळेला कुलूप लागेल. आणि इथं त्याच तारखेवर जावयाची रजा, सासूबाईंचं रिझर्वेशन आणि आचाऱ्याचं बोलावणं ठरलेलं.

“तारीख राहू दे,” आजीनं दुसरा पत्ता काढला. “शुक्रवारी पिठोरी अमावास्या आहे. उधाणाच्या भरतीला कळा येतात. समुद्र कुणाच्या घरामागे आहे, माझ्या की त्या जर्मनाच्या?”

सिस्टर हसल्या. परदेशात लाखो जन्मांच्या नोंदी चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्या, काही जुळलं नाही, असं त्यांनी सांगितलं. पण आजीचा चेहरा पडलेला बघून अर्धे मार्क दिले. “रात्रीचं मात्र खरं आहे हो. आपोआप सुरू होणाऱ्या कळा रात्री आणि पहाटेच जास्त सुरू होतात. माझ्या नोकरीत मला दिवसा झोपायची सवय लागली ती काय उगाच?”

पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी तेही आजी सांगणार होती, तेवढ्यात सिस्टरनी बोट वर केलं. “दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचलीय ना? १९९४ चा कायदा आहे.”

“मी काय मशीन लावलंय? नुसत्या डोळ्यांनी बघते.”

“नुसत्या डोळ्यांनी शंभरातली पन्नास उत्तरं कुणाचीही बरोबर येतात.”

आता नलूवहिनींनी आपलं लक्षण पुढे केलं. मंजू रात्री अकराला उठून समया, तबकं, घंटा घासत बसली होती म्हणे. ही पोर एरवी स्वतःचा चहाचा कप विसळत नाही. बाळंतपण जवळ आलं की बाईला घर आवरायचा झपाटा येतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. असा झपाटा काहींना येतो, सिस्टरही नाही म्हणाल्या नाहीत. पण गणपती नऊ दिवसांवर आलेले असताना कोकणात समया कोण घासत नाही? ते लक्षण धरलं तर गुहागरचा सगळा वरचा पाट आणि खालचा पाट एकाच रात्री बाळंत व्हायचा. तीच गत पोट बिघडण्याची. कळांच्या आधी काहींना दोन-तीनदा पातळ होतं खरं, पण श्रावणात, बावीचं पाणी गढूळ झालेलं असताना, त्यावरून कोण काय ठरवणार!

मग वहिनींनी पडवीकडे बघून आवाज उतरवला. तिथं मंजूचे वडील, नाना, रेडिओ लावून बसले होते. “आणि ते... अंगावरून चिकट जातं ते? रक्त असलेलं?”

“गेलं का?”

“नाही, पण गेलं तर?”

“पिशवीच्या तोंडाशी नऊ महिने जो चिकट द्राव असतो तो सुटतो. जरा गुलाबी, तपकिरी, रक्ताची रेघ असलेला. म्हणजे तोंड मऊ व्हायला, उघडायला लागलंय. त्याच रात्री कळा येतील, नाहीतर चार-आठ दिवस काहीच होणार नाही. दवाखान्यात आतून तपासलं की त्यानंतरही थोडा डाग दिसतो, त्याला घाबरायचं नाही. पण लालभडक रक्त, पाळीसारखं वाहणारं, ते दिसलं तर दुखो न दुखो, गाडी काढायची. वार खाली असेल, नाहीतर सुटत असेल. तिथं मिनिटं मोजायची असतात.”

ही माहिती ऐकताना नानांनी रेडिओचा आवाज कमी केला होता. सगळं घर बाळंत होत असतं, कबूल कुणी करत नाही.

खरी रंगत आली ती आदल्या रात्रीच्या गोष्टीला. आठ वाजता मंजूच्या पोटात कळ आली. पोट टणक झालं. पंधरा मिनिटांनी पुन्हा. मग सात मिनिटांनी. मग वीस. घरात धावपळ, नानांनी छत्री घेतली आणि चप्पल शोधायला लागले, नलूवहिनींनी देवापुढं साखर ठेवली, पुण्याला जावयाला फोन गेला, त्यानं ताम्हिणी घाटातल्या रस्त्याची चौकशी सुरू केली. मंजूनं दोन ग्लास लिंबाचं सरबत घेतलं, लघवीला जाऊन आली, कुशीवर पडली आणि झोपली. कळा गायब. बाकीचे मात्र पहाटेपर्यंत जागे.

“खोट्या कळा,” सिस्टर आणि आजी एकाच वेळी म्हणाल्या. त्या दोघींचं एकमत होण्याचा हा दुर्मिळ योग. ज्या इंग्रज डॉक्टरचं नाव त्या कळांना मिळालं, त्या जॉन ब्रॅक्स्टन हिक्सनं १८७२ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. आमच्याकडच्या बायकांनी त्याआधी कितीतरी पिढ्या त्या सोसल्या, पण एकीलाही त्यांना आपलं नाव द्यावंसं वाटलं नाही.

“खोट्या म्हणजे काही होत नाही असं नव्हे,” सिस्टर सांगायला लागल्या. “पोट आवळतं, दुखतंही. पण त्यांना शिस्त नसते. आता सात मिनिटांनी, मग वीस मिनिटांनी. पाणी प्यायलं, कूस बदलली, जरा चाललं की विरतात. दुखतं तेही बहुतेक पुढेच. खरी कळ कमरेतून निघते आणि पुढे येते. बसा, झोपा, चाला, ती थांबत नाही. दर वेळी थोडी लांब, थोडी जवळ, थोडी जोराची. आणि पोटाला हात लावून बघायचं. नाकाच्या शेंड्याइतकं लागलं तर हलकी कळ. हनुवटीइतकं लागलं तर मध्यम. कपाळाइतकं टणक लागलं, बोट आत दबतच नाही, तर ती जोराची.”

त्याबरोबर गडग्याच्या दोन्ही बाजूंना बायका आपापली नाकं, हनुवट्या आणि कपाळं चाचपायला लागल्या. रस्त्यावरून दूधवाला गेला तो वळून वळून बघत गेला.

मंजूच्या मोबाइलवर कळा मोजायचं अ‍ॅप होतं. बटण दाबलं की मिनिटं-सेकंद, आलेख, सगळं. पण काल रात्री ती एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजत होती. सिस्टरनी दुरुस्त केलं : सुरू झाली तिथपासून पुढची सुरू होईपर्यंत. आणि एक कळ किती सेकंद टिकली ते वेगळं लिहायचं.

“मला विचार,” आजी म्हणाली. “कळ आली असताना बाई बोलते का? सुनेच्या तक्रारी सांगते का? मग वेळ आहे. बोलता बोलता मध्येच गप्प झाली, दाराची चौकट धरली, ‘थांब गो जरा’ म्हणाली, की पाणी तापत ठेवावं.”

“पाणी तापत ठेवू नका, गाडी बोलवा,” सिस्टर म्हणाल्या. “पण बाकी शंभर टक्के बरोबर. आम्हालाही असंच शिकवलंय. कळेत वाक्य पुरं करता येत नाही, ती खरी कळ.”

माझं मत विचाराल तर अ‍ॅप आणि आजी दोन्ही असावीत. अ‍ॅपची बॅटरी संपते, आजीची संपत नाही.

पाणी जाण्याबद्दल मंजूच्या डोक्यात सगळं सिनेमातलं होतं. बाई मॉलमध्ये उभी आहे, एकदम बादलीभर पाणी, आरडाओरडा, पुढच्याच दृश्यात बाळ. सिस्टरनी तो सिनेमा बंद पाडला. कळांच्या आधी पाणमोट फुटणाऱ्या शंभरात जेमतेम आठ-दहा. बाकीच्यांची कळा चालू झाल्यावर फुटते, नाहीतर डॉक्टर फोडतात. शिवाय ते धो धो येईलच असं नाही. डोकं खाली बसलेलं असलं की नुसतं झिरपतं, परकर ओला होतो, आणि बाई समजते लघवी झाली.

“मग ओळखायचं कसं?”

“लघवीला वास येतो, आणि धरली तर थोडी धरता येते. हे धरता येत नाही. स्वच्छ पॅड लावायचा, अर्ध्या तासानं बघायचं. पाणी स्वच्छ किंवा किंचित गुलाबी असेल तर घाई नाही, पण दवाखान्यात जायचंच, कळा नसल्या तरी. किती वाजता गेलं ते लिहून ठेवायचं. जास्त वेळ गेला की जंतुसंसर्ग व्हायची भीती. हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर बाळानं आत शी केलीय, लगेच निघायचं. आणि नाळेचा वेटोळा खाली आल्यासारखं काही हाताला लागलं तर बसायचंही नाही, कंबर उंच करून आडवं व्हायचं नि १०८.”

“डोकं खाली आहे ना पण हिचं?” आजीनं विचारलं. “नाहीतर पायाळू व्हायचा.”

इथं पाच मिनिटं विषय भरकटला, आणि तो भरकटायलाच हवा होता, कारण आमच्या आळीत एक पायाळू गृहस्थ आहेत. कुणाच्या कमरेत उसण भरली की लोक त्यांच्याकडे जाऊन पालथे पडतात आणि ते सावकाश लाथ मारतात. चहा घेतात, पैसे घेत नाहीत. वीज कडाडली की मात्र घराबाहेर पडत नाहीत. त्यांच्या आईला अडीच दिवस कळा होत्या, सुईणीनं हात टेकले होते, हा भाग लाथ खाणाऱ्यांपैकी कुणी आठवत नाही. आजीला आठवत होता. सिस्टर म्हणाल्या, पाय किंवा बूड खाली असेल तर पाणी गेल्यावर नाळ सटकायची भीती जास्त, म्हणून तशा बाईनं कळांची वाट बघत घरी बसायचंच नसतं. आधीचं सीझर असेल, जुळी असतील, वार खाली असेल, त्यांनीही नाही. मंजूचं डोकं खाली होतं. शेवटच्या सोनोग्राफीत स्पष्ट लिहिलेलं.

पावलं सुजलीत म्हणून वहिनींनी मधेच विचारून घेतलं. पावलांची सूज शेवटी येतेच. पण तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा बरगड्यांखाली दुखलं तर रक्तदाब लगेच बघायचा, १४० वर ९० म्हणजे धोक्याची रेषा. मंजूचा परवा ११० वर ७० होता. पुढं चला.

“आता बघ,” आजीनं मंजूला जवळ बोलावलं. “एक खूण लक्षात ठेव. पोर पोटात गप्प होईल. इतके दिवस नाचलं, आता जागा पुरत नाही. गप्प झालं की समजावं, बाहेर यायच्या तयारीला लागलं.”

“मग लागलंय बहुतेक,” मंजू म्हणाली. “सकाळपासून शांतच आहे जरा.”

सिस्टरची कोपरं गडग्यावरून उचलली गेली.

“शांत म्हणजे? शेवटचं कधी हललं?”

“नाश्त्याच्या वेळी... असेल. कामात होते ना. लक्ष नाही दिलं.”

“पडवीत जा. डाव्या कुशीवर झोप. मोबाइल लांब ठेव. पोटावर हात ठेवून मोज. लाथ, ढुशी, लोळणं, काहीही चालेल. दोन तासांत दहा भरायला हव्यात. बहुतेक वेळा अर्ध्या तासातच भरतात. मोठ्यानं मोज, मला इथं ऐकू आलं पाहिजे.”

मंजू गेली. वहिनींच्या चेहऱ्याचा रंग गेला. सिस्टर आजीकडे वळल्या, आणि इतका वेळ चाललेला थट्टेचा सूर त्यांनी खाली ठेवला.

“आजी, तुमची सगळी लक्षणं मी मानीन. पोट उतरणं मानीन, चौकट धरणं मानीन. हे एक मानणार नाही. बाळ जन्माच्या आधी गप्प होत नाही. जागा कमी पडते, म्हणून लाथेऐवजी लोळल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटेल. पण हालचाली कमी होत नाहीत. कळा चालू असतानासुद्धा ते हलतं. कमी झाल्या तर त्याला आत प्राणवायू कमी पडत असेल आणि ते शक्ती राखत असेल. त्या बाईनं थंड पाणी पिऊन, लाडू खाऊन, सकाळपर्यंत बघू म्हणत बसायचं नसतं. रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जाऊन ठोके बघून घ्यायचे. दहा वेळा उगाच गेली तरी चालेल.”

आजी नेहमी उत्तर देते. या वेळी पदराशी चाळा करत राहिली.

“माझा तिसरा,” मग ती म्हणाली. “दोन दिवस गप्प होता. सासूबाई म्हणाल्या, शहाणा आहे पोर, दमवत नाही आईला.” एवढंच बोलून तिनं गडग्यावरचं शेवाळ नखानं खरवडायला घेतलं.

“एक!” पडवीतून मंजू ओरडली.

गडग्यावरच्या आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

एकावर अजून नऊ व्हायच्या होत्या. तेवढ्यात सिस्टरनी गाडीचा विषय काढला, कारण त्यांना रिकामं उभं राहवत नाही. नलूवहिनींनी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं : कळा पाच-पाच मिनिटांनी, एकेक मिनिटाच्या, असं तासभर चाललं की निघायचं.

“ज्याचं घर दवाखान्याच्या समोर आहे त्यानं तसं करावं,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही मंजूचं नाव चिपळूणला घातलंय. इथून ४०-४५ किलोमीटर. शृंगारतळीच्या बाजारात गाडी अडकणार, मार्गताम्हाण्याच्या पुढे खड्डे—”

“दोन! तीन!”

“—आणि हा आठवडा गणपतीचा. शनिवारपासून चाकरमानी सुटले की मुंबई-गोवा हायवे तुंबणार, त्यातले निम्मे इकडे वळणार. पहिलटकरणीला बारा-बारा तास सहज लागतात, म्हणून वेळ असतो हे खरं. पण तो वेळ आपला असतो, रस्त्याचा नसतो. दहा-दहा मिनिटांनी कळा नियमित यायला लागल्या की निघा.”

“आणि वाशिष्ठी भरली तर?” मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं ते इथल्या कुणाला विसरता येणार आहे? त्या दिवशी कुणाला कळा सुरू झाल्या असतील तर तिनं काय केलं असेल, हा विचार मला तेव्हाही आला होता.

“चार!”

“म्हणून म्हणते,” सिस्टर म्हणाल्या, “मोठ्या पावसाचा इशारा आला तर कळांची वाट बघूच नका. आधीच जाऊन राहा. गडचिरोलीकडे सरकारनं आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघरं बांधलीत. दिवस भरत आले की रानातल्या पाड्यावरची बाई तिथं येऊन राहते, सोबत घरचं माणूस. नदीनाले भरले तरी ती दाराशी असते. आपल्याला कोण बांधून देणार? तुमची बहीण चिपळुणात वरच्या अंगाला राहते ना, ते आपलं माहेरघर.”

“पाच, सहा! उचकी लागली त्याला, ती मोजू?”

“उचकी नाही मोजायची!”

वहिनींच्या बहिणीचं आणि त्यांचं चुलत्याच्या जमिनीवरून दोन वर्षं बोलणं नाही, हे गडग्याला ठाऊक होतं. पण त्या क्षणी जमिनीचा विषय कुणाला सुचला नाही. बहिणीला फोन लावला गेला. पलीकडून तिनं पहिलं वाक्य ऐकलं आणि म्हणाली म्हणे, “खोली झाडूनच ठेवलीय मी.” म्हणजे गडगे चिपळूणलाही आहेत.

गाड्यांची यादी झाली. १०८, जी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. गरोदर बायकांसाठी १०२. सरकारी दवाखान्यात नेणं आणि बाळासकट घरी सोडणं २०११ पासून फुकट आहे, हे वहिनींना आजच कळलं. आणि शेवटी शेजारचा टेम्पोवाला, कारण सरकारी गाडी दुसरीकडे गेलेली असली की उपयोगाला शेजारीच येतो. त्याला सांगायचं ठरलं, की विसर्जन होईस्तोवर रात्री गाडी उलटी लावू नकोस.

“सात! आठ! नऊ! ... दहा! झाल्या!”

अर्धा तासही झाला नव्हता. नानांनी रेडिओ पुन्हा मोठा केला.

आजीनं तोंड वळवून डोळ्यांना पदर लावला आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आता वरून चमचाभर एरंडेल दिलं तर—”

“नाही!” सिस्टर. “जुलाब होतील, उलट्या होतील, कळा वाटेल तशा येतील. काही द्यायचं नाही.”

“बरं, दूध-तूप?”

“दूध-तूप द्या. त्यानं बाळ घसरून येत नाही, पण वाईट काही नाही.”

पिशवीत काय काय भरायचं ते सगळ्यांनी एकदम सांगितलं, त्यामुळे कुणाचंच ऐकू आलं नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सगळ्यांत वर, जुन्या सुती साड्यांचे धुतलेले तुकडे, चार्जर, एवढं माझ्या लक्षात राहिलं. मग वहिनींनी विचारलं, आत लेबर रूममध्ये हिच्याजवळ कुणाला राहू देतात का.

“देतात आता. २०१६ पासून सरकारनंच सांगितलंय, बाळंतिणीजवळ घरचं एक माणूस असू द्यावं. बाई हवी. आणि शक्यतो स्वतः त्यातून गेलेली.”

“मग मीच,” नलूवहिनी म्हणाल्या.

“तू किती वेळा गेलीस?” आजीनं विचारलं.

“एकदा. ही एकच ना मला.”

“मी सात,” आजी म्हणाली. “माझी दोन लुगडी घाल पिशवीत. आणि टेम्पोवाल्याला सांग, म्हातारी पुढं बसणार.”